चारही भविष्यांत एकच खूण

उट्रेख्त, ४ मार्च

रिनुस,

हे पत्र फाडायचं असेल तर निदान पहिलं पान वाचून फाड. दुसऱ्या पानावर नुसती माझ्या पाठदुखीची रडगाणी आहेत.

मला निवृत्त व्हायला साडेतीन महिने उरले. ऑफिसातलं कपाट रिकामं करायला घेतलंय. तीस वर्षांचे कागद, आणि त्यातले निम्मे सन एकवीसशेबद्दलचे. जे साल आमच्यापैकी एकही जण बघणार नाही, त्याच्यावर इतकं लिहून ठेवलंय की उचलताना कंबर धरली. सफाईवाल्या बाईंनी विचारलं, हे सगळं टाकायचं का? मी म्हटलं, थांबा, यातलं काही खरं झालं तर लागेल. त्या हसल्या नाहीत.

बातमी मी वाचली. पाणी मंडळाची यादी छापून आली आणि क्लाइनवेर पहिल्या नंबरवर. बांध फोडायचा, समुद्र हटवून मिळवलेलं सगळं पोल्डर समुद्राला परत द्यायचं. सुनावणी १४ जूनला, दुपारी दोनला, गावच्या सभागृहात. तुला हे माझ्या आधी कळलं असणार, तुझ्याच जमिनीचं आहे. तरी लिहिते, कारण काय लिहावं ते सुचत नाहीये.

चार वर्षांपूर्वी मंडळाचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तुझ्या स्वयंपाकघरात होते. तू मला विचारलंस, "नेल, हे तुमच्याकडे कुणी ठरवलं?" मी म्हणाले, "मॉडेलनं. संगणकातल्या गणितानं." तू म्हणालास, "मग ख्रिसमसला जेवायलाही मॉडेललाच पाठव." त्यानंतर तू माझ्याशी बोललेला नाहीस. वाढदिवसाच्या कार्डावर दोघांची नावं असतात, पण अक्षर कॉरीचं असतं, हे मला कळतं.

बटाटे लावलेस का? इथे नुसता चिखल आहे. गुडघा दुखतो, झोप येत नाही, आणि येते तेव्हा मीटिंगमध्ये येते. असो.

नेल


उट्रेख्त, २१ मार्च

रिनुस,

काल फोन केला होता. कॉरीनं उचलला.

"रिनुस घरात नाही," ती म्हणाली.

"मला त्याचा खोकला ऐकू येतोय, कॉरी."

"तो कुत्रा."

"कुत्रा मेला ना दोन वर्षांपूर्वी?"

"नवीन आणलाय. हाही खोकतो."

तुझी बायको खोटं बोलताना किती चांगली बोलते, हे मी विसरले होते. शेवटी म्हणाली, "लिहीत राहा. तो वाचत नाही म्हणतो, पण पहिलं पत्र चष्म्याच्या डबीत आहे." हे तुला सांगू नको असंही म्हणाली, तेव्हा मी सांगितलं हे तू तिला सांगू नको.

तर लिहिते. मी तिथे नेमकं काय करते हे तू मला कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. बाबा लोकांना सांगायचे, "आमची नेल हवामान खात्यात आहे, पण पाऊस कधी पडेल ते तिला विचारू नका." ते बरोबरच होतं. आम्ही भाकीत करत नाही. पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून आम्ही एकाच्या जागी चार भविष्यं मांडतो. समुद्र किती चढेल, लोक किती असतील, पैसा कुठे जाईल, सरकार कसं असेल. मग गणितवाले त्यात आकडे भरतात आणि मी त्याची गोष्ट लिहिते. गोष्ट नसली तर मंत्रालयातली माणसं तिसऱ्या पानावर झोपतात.

आमच्या चार भविष्यांची नावं पायांवरून आहेत. ती मीच दिली. 'सपाता' म्हणजे तापमान थोडंच वाढलं, सगळे घरात निवांत. 'रबरी बूट' म्हणजे पाणी बरंच चढलं, पण पैसा आहे, उंच बांध आहेत, मोठे पंप आहेत. 'लाकडी बूट' म्हणजे राजधानीनं हात झटकले आणि गावोगावच्या लोकांनी आपलं आपण सांभाळलं. आणि 'अनवाणी'. त्याचं सांगायला नको.

प्रत्येक भविष्यात एका माणसाचा एक दिवस मी लिहायची. सन दोन हजार पंच्याऐंशीतला शेतकरी 'म'. सकाळी उठून बांधावर जातो, चरातलं पाणी चाखतो, थुंकतो, बायकोला सांगतो की कॉफी पातळ आहे. परदेशी पाहुणेसुद्धा म्हणायचे, हा माणूस अगदी खरा वाटतो. म म्हणजे मारिनुस. म्हणजे तू. पंधरा वर्षं मी तुला न विचारता तुला भविष्यात पाठवतेय, चारदा.

हे सांगायचं होतं. अजून एक आहे, ते आज होत नाही.

नेल


उट्रेख्त, ९ एप्रिल

रिनुस,

दोन वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

मॉडेलनं नाही ठरवलं. मी ठरवलं.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गणितवाल्यांना पहिल्यांदा आकडे भरायचे होते, त्याआधी आम्ही त्यांना एक तक्ता द्यायचा होता. सत्तावीस लहान पोल्डरं, चार भविष्यं, आणि प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण: ठेवा, उंच करा, सोडा. एकशे आठ चौकटी. टेबलाभोवती आम्ही सहा जण बसलो. बाकीच्या पोल्डरांवर आम्ही भांडलो. कुठे बांध जुना, कुठे माती चांगली, कुठे लोकच उरले नाहीत. एकेका खुणेला दहा-दहा मिनिटं लागली. बरोबर साडेबाराला क्लाइनवेरची रांग आली.

सगळ्यांना माहीत होतं की मी तिथली. हेसल माझा आजचा साहेब, तेव्हा नुकताच लागलेला पोरगेला माणूस, तो म्हणाला, "हे नेललाच विचारा." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आईचा निळा डबा आठवतो तुला? दहाला कॉफी, डबा उघडायचा, प्रत्येकानं एक बिस्कीट घ्यायचं, झाकण बंद. पाहुणे असले की आपण दोघांनी तुटकं उचलायचं. सांगायचं कुणी नाही, आपल्यालाच कळायला हवं. मी तुटकं उचललं की आई हलकेच मान हलवायची. ती मान हलली की मला दिवसभर बरं वाटायचं. तू मात्र अख्खं उचलायचास आणि मार खायचास.

मी पेन्सिल घेतली आणि क्लाइनवेरच्या चारही चौकटींत 'सोडा' लिहिलं. सपाता, रबरी बूट, लाकडी बूट, अनवाणी, सगळीकडे सोडा. एका मिनिटात. नेलनं भावाची जमीन वाचवली असं कुणी म्हणायला नको होतं मला. हेसल म्हणाला, "कमाल आहे तुझी." आणि मला बरं वाटलं, रिनुस. आईनं मान हलवल्यावर वाटायचं तसंच. मग आम्ही जेवायला गेलो.

मी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: तात्पुरतं, पुन्हा बघणे. तक्ता संगणकात गेला तेव्हा समास गेला नाही.

पुढचं ऐक. सात वर्षांनी मंडळाला घाई झाली. त्यांना विचारायचं होतं की चार-चार भविष्यं घेऊन आम्ही करायचं काय, आज कुठे फावडं घालायचं ते सांगा. तेव्हा कुणीतरी सुचवलं की जी गोष्ट चारही भविष्यांत सारखी येते ती आधी करा, म्हणजे पुढे काहीही झालं तरी पस्तावा नको. त्या यादीचं नावच पडलं बिनपस्तावा यादी. कल्पना चांगली आहे. सुचवलं मीच होतं.

यादीत बाकी कामं पंपांची आणि बांधांची; सत्तावीस पोल्डरांत चारही भविष्यांत एकच खूण असलेलं पोल्डर एकच निघालं. ते का निघालं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांना वाटलं, इतकी वेगवेगळी जगं आणि तरी एकच उत्तर, म्हणजे पक्कं. खरं तर उत्तर एकच आलं कारण प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि खाली ठेवला. मग तू स्वयंपाकघरात विचारलंस, आणि तेव्हाही बोलता आलं असतं.

माणसाशी तू भांडला असतास. बाबा भांडले असते. गणिताशी कोण भांडणार? मी तुझ्या हातातून तेही काढून घेतलं.

क्षमा मागत नाही. ती तू द्यावीस असं वाटतं आणि ते वाटणंसुद्धा मला आवडत नाही. फार दमलेय मी.

नेल


उट्रेख्त, ३ मे

रिनुस,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती. पण काम अडलंय, म्हणून लिहिते.

मी हेसलला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "नेल, अशा तात्पुरत्या खुणा सगळ्या तक्त्यांत असतात. तुला वाटतं तितकी तू वेगळी नाहीस."

"पण ही यादीत पहिली आहे."

"एक हलवली तर लोक बाकीच्याही हलवायला लागतील."

"मग हलवू देत."

"तुला सहा आठवडे राहिलेत. केक खा, भाषण ऐक, घरी जा."

"केक कुठला आहे?"

"गाजराचा."

"मग नकोच," मी म्हटलं. तेव्हा तो हसला आणि हरला. म्हणाला, क्लाइनवेरची रांग पुन्हा भर, पण यावेळी प्रत्येक चौकटीला पुरावा हवा. तुझ्या मनाचा चांगुलपणा नको, आणि तुझ्या मनाचं पापही नको.

पुरावा म्हणजे खारेपणा. पोल्डर जातं ते बांधावरून पाणी येऊन जातं असं लोकांना वाटतं. आपल्याला माहीत आहे की ते खालून जातं, चरातून, हळूहळू. मंडळाचं मोजमाप क्लाइनवेरात नाही, सगळ्यात जवळचं केंद्र अकरा किलोमीटरवर आहे.

बाबांची वही तुझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बांधातलं पाणी सोडायचं दार, त्या उघाडीजवळ, मधल्या चरात आणि शेताच्या मागच्या पट्ट्यात बाटली बुडवून ते खारेपणाचा आकडा लिहायचे. त्यांच्यानंतर तू लिहितोस हे मला ठाऊक आहे, कारण तू कुठलीच गोष्ट मध्येच सोडत नाहीस, अबोलासुद्धा.

ती वही मला हवी. नाही दिलीस तरी मी १४ तारखेला सगळं सांगणारच आहे. पण वहीशिवाय ते एका म्हातारीचं रडगाणं होईल. वहीसकट तो पुरावा होईल. मात्र वही काय म्हणेल ते मला माहीत नाही, आणि जे म्हणेल तेच मी लिहीन. हे वाचून मग पाठव.

नेल


उट्रेख्त, २४ मे

रिनुस,

वही पोचली. चहाच्या टॉवेलात गुंडाळून, वर दोरी, आत एक ओळही नाही. टॉवेल कॉरीचा आहे. धुऊन परत देईन.

एक्केचाळीस वर्षांचे आकडे. बाबांचं अक्षर बारीक, मग थरथरतं, मग एका सोमवारी तुझं ठसठशीत अक्षर सुरू होतं आणि त्या पानावर त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. तो त्यांच्या दफनाच्या आदल्या दिवशीचा सोमवार होता. मी तारीख ताडून बघितली.

गणितवाल्या मुलीनं सगळं भरून दिलं. आता खरं सांगते.

मागची दोन वर्षं कोरडी गेली, आणि त्या दोन वर्षांत मागच्या पट्ट्याचा आकडा इतका चढलाय की वहीच्या रेघेबाहेर लिहावा लागलाय. ती दोन वर्षं वगळली, तर चारपैकी तीन भविष्यांत क्लाइनवेर टिकतं, बटाट्यांसकट. वगळायला निमित्तही आहे, दोन वर्षं हा अपवाद म्हणता येतो, आमच्यात सगळेच म्हणतात. मी तशी रांग भरून बघितली. फार सुंदर दिसत होती. एक दिवस ती माझ्या टेबलावर होती आणि मी तिच्याकडे बघत बसले होते. पंधरा वर्षांपूर्वी तुझं घेऊन दुसऱ्यांना दिलं, आता दुसऱ्यांना फसवून तुला देऊ, म्हणजे फिटंफाट. इतकी मी खाली आले होते.

मग मागच्या ऑगस्टचं पान पुन्हा उघडलं. आकड्यापुढे तू लिहिलंयस: "मागचा पट्टा गेला. नेलला विचारायला हवं."

तू चार वर्षं बोलत नव्हतास आणि वहीत हे लिहीत होतास. मी ऑफिसात रडले, रिनुस, सगळ्यांसमोर, नाक पुसायला कॉरीचा टॉवेल घेतला. म्हणून तो धुवायचाय.

दोन्ही वर्षं ठेवली. आता रांग अशी आहे. सपातांत क्लाइनवेर राहतं, निदान पस्तीस वर्षं. रबरी बुटांत राहतं, पण उंच बांधाआड, आणि बटाटे नाहीत, कांदे नाहीत, खारवट माळावर मेंढ्या फक्त. लाकडी बुटांतही राहतं, एका अटीवर: भरती-ओहोटी बघून रोज कुणीतरी हातानं उघाडी उघडायची आणि बंद करायची. अनवाणीत जातं. आणि मागचा पट्टा चारहींत जातो. तो तुझ्या डोळ्यांसमोर गेलाच आहे.

चार भविष्यांत चार उत्तरं. म्हणजे बिनपस्तावा यादीत ते बसत नाही. याहून जास्त मला तुझ्यासाठी काही आणता आलं नाही. बटाटे मला वाचवता आले नाहीत.

१४ तारखेला मी बोलणार आहे. तू ये किंवा नको येऊस.

नेल


उट्रेख्त, १६ जून

रिनुस,

तू आलास. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, रविवारचा कोट घालून. मी मुद्दामच तिकडे बघितलं नाही, नाहीतर मला बोलता आलं नसतं. कॉफी यायच्या आधी तू निघून गेलास, म्हणून पुढचं तुला कळवते.

माझं तू ऐकलंसच. तक्ता, पेन्सिल, समास, साडेबाराची वेळ. तू निघालास त्यानंतर मंडळाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही स्वतःच्या माणसांना झुकतं माप द्यायचं नाही म्हणून त्यांचंच माप मारलंत?" मी हो म्हटलं. मागून तो व्हिसर, तुझा कांदेवाला शेजारी, मोठ्यानं म्हणाला, "आमच्याकडे याला संस्कार म्हणतात." सगळे हसले. मला वाटतं त्यामुळेच निभावलं.

बाईंनी आणखी एक विचारलं. "तुम्ही अभ्यासक म्हणून बोललात. तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्या कामात ते विचारायचं नसतं. मी म्हणाले, "मला ते राहायला हवंय. माझं घर आहे ते." लिहून घेणाऱ्या बाईंनी ते लिहून घेतलं. अहवालात पान चौदावर येईल.

क्लाइनवेर यादीतून काढलं. आठ वर्षांनी पुन्हा बघतील, आणि तेव्हा आधी तिथे राहणाऱ्यांना विचारतील. तोवर बांध तसाच. उघाडी मात्र रोज बघावी लागेल, आणि मंडळाकडे त्यासाठी माणूस नाही, असं त्यांनी लगेच सांगून टाकलं. आठ वर्षांनी तू एकोणऐंशीचा असशील. हे मीही मोजलं, त्यांनीही मोजलं असणार.

हेसलनं गाजराचा केक रद्द केला. माझ्यावर चौकशी बसेल असं म्हणाला, मग विचार करून म्हणाला, बसेपर्यंत तू गेलेली असशील. बाकीच्या सव्वीस रांगा तो पुन्हा उघडणार आहे. फार वैतागलाय. त्याला तुझे आकडे फार आवडले. म्हणाला, इतकी सलग वही देशात दुसरी नसेल. मी म्हटलं, माझा भाऊ हट्टी आहे.

कॉरीनं जाताना माझा दंड धरला आणि तुझा निरोप दिला, तुझ्याच आवाजात: "रविवारी दहाला कॉफी. उशीर झाला तर झाकण लागेल." मी विचारलं, "अजून काही म्हणाला?" ती म्हणाली, "खोकला."

मी साडेनऊलाच येते. टॉवेल धुतलाय, इस्त्रीही केलीय. आल्यावर तू मला काही चांगलं बोलू नकोस, मला सोसायचं नाही. वाटलं तर ओरड. मग उघाडी कशी उघडतात ते एकदा पुन्हा दाखव. निवृत्त बाईला सकाळी उठून काहीतरी करायला लागतं, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक मला पाठ आहे.

आणि डबा उघडशील तेव्हा तुटकं माझ्यापुढे करू नकोस. मला अख्खं हवंय, आणि मग दुसरंही.

नेल